हकने फाडलेलं पत्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं, तेव्हा मला आधी आठवला तो हक फिन. नववीला इंग्रजीचे सर मोकळ्या तासाला मार्क ट्वेनची ही कादंबरी आम्हाला मराठीतून सांगत.

हकला आई नाही, बाप दारुडा. श्यामला बोट धरून शिकवणारी आई होती. हकला गावाने एवढंच शिकवलेलं, की पळालेल्या गुलामाला साथ देणं म्हणजे चोरी आणि वर पाप. आणि तो तर जिमबरोबर तराफ्यावरून मिसिसिपीतून निघालेला. मालकीण आपल्याला आठशे डॉलरला विकणार हे कानावर आल्यामुळे जिम पळालेला असतो.

एका रात्री धुक्यात दोघांची चुकामूक होते. हक परत येतो आणि तुला स्वप्न पडलं म्हणून जिमची थट्टा करतो. जिम तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडलेलं वल्हं बघतो. तू गेलास या दुःखात मी होतो आणि तुला थट्टा सुचली, असं सुनावून तो आत निघून जातो. हकला त्याची माफी मागायला पंधरा मिनिटं लागतात. गोऱ्या पोराने गुलामाची माफी मागायची, ही त्या मुलखात न घडणारी गोष्ट. मला तर हाच प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो.

पुढे जिम पकडला जातो. हक मालकिणीला त्याचा पत्ता कळवणारं पत्र लिहितो, पाप धुतल्यासारखं त्याला हलकं वाटतं. सरांनी तिथेच पुस्तक मिटलं.

"पाठवावं का?"

"नाही!" सगळा वर्ग ओरडला.

"तुम्हाला सोपं आहे. गुलामगिरी वाईट हे तुम्ही शिकलात. त्याला कुणी सांगितलंय?"

वर्ग गप्प. मग सरांनी पुढचं वाचलं. हकला झोप मिळावी म्हणून जिम स्वतःचा पहारा संपल्यावर त्याचाही पहारा करायचा, ते हकला आठवतं. नरकात जावं लागलं तरी चालेल, असं ठरवून तो पत्र फाडतो. आपण चांगलं वागलो हे त्याला तेव्हाही कळलेलं नसतं!

शेवटची प्रकरणं मला पटत नाहीत. हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेचा खेळ होऊन बसतो. पण ३१वं प्रकरण मी अजूनही काढून वाचतो. या निमित्ताने कादंबरीच्या काही प्रती शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. नववीच्या वर्गात एखाद्या मोकळ्या तासाला ते प्रकरण मोठ्याने वाचलं जावं, एवढीच शिक्षकांना विनंती.