झेड ८ घेतला, पण अंगठा अजून डी ८५० चाच

लग्नसराई आटोपत आली, आता निकॉनच्या जुन्या डी ८५० वरून नव्या झेड ८ कॅमेऱ्यावर आल्यावर फोकसबद्दल लिहायला हरकत नाही. इमेज क्वालिटी, व्हिडिओ वगैरेवर यूट्यूबवर ढीगभर पडलंय, ते तिकडे बघा. मला बोलायचंय ते बोटांच्या सवयीबद्दल.

डी ८५० वर सगळं न बघता चालायचं. लेन्सच्या शेजारी एएफ-एमचा खटका (ऑटोफोकस की हाताने, मॅन्युअल), त्याच्या मधलं बटण दाबून मागची डायल फिरवली की एएफ-एस (एकदा लागला की थांबणारा फोकस) नाहीतर एएफ-सी (सतत लागत राहणारा), पुढची फिरवली की एरिया मोड, म्हणजे फ्रेमच्या किती भागात फोकस शोधायचा ते. झेड ८ वर बटण साधारण त्याच जागी, डायलची पद्धतही तीच, पण खटका गायब. मॅन्युअल हवं तर लेन्सवरचा स्विच, तो नसेल तर त्याच बटणातून एमएफ, म्हणजे मॅन्युअल फोकस. अंधाऱ्या हॉलमध्ये माझं बोट अजून तो खटका चाचपत असतं. आणि ग्रुप एरिया (शेजारचे काही पॉइंट मिळून फोकस), ज्याच्यावर मी अर्धी लग्नं काढली, तो मोड यात नाहीच. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे वाइड एरिया, एस (लहान) आणि एल (मोठा), शिवाय सी१ आणि सी२, ज्यांचा चौकोन आपण आपल्या मापाचा करायचा.

बटणं काय, लागतात हळूहळू हाताला. डोक्याला जास्त वेळ लागतो. डी ८५० चे १५३ फोकस पॉइंट सगळे मधेच गोळा झालेले, त्यामुळे फोकस कुठे हवाय ते मी सांगायचो, पॉइंट चेहऱ्यावर न्यायचा नाहीतर लॉक करून फ्रेम सरकवायची. झेड ८ चे ४९३ जवळजवळ फ्रेमभर पसरलेत आणि चेहरे, डोळे तो आपणच शोधतो, म्हणजे आता सांगायचं ते कुणावर. आणि आपल्या लग्नात चेहऱ्यांना काय तोटा!

अंतरपाटाचंच घ्या. मंगलाष्टकं चालू, नवरीमागे मामा, करवल्या कलश घेऊन, भटजी माइक धरून बरोब्बर मधे, वरून अक्षता. ऑटो एरिया लावा, म्हणजे फोकस कुठे ते कॅमेऱ्यावर सोडा, चौकोन या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर जाणार, कॅमेऱ्याला काय माहीत लग्न कुणाचंय ते. मल्टी सिलेक्टर (मागचं दिशांचं बटण) डावीउजवीकडे दाबून चेहरा बदलता येतो, पण शेवटचं सावधान झाल्यावर पाट खाली येतो आणि नवरी पहिल्यांदा वर बघते, तेव्हा अंगठ्याने चेहरे निवडत बसणार कोण? म्हणून सी१ चा उभा, अरुंद चौकोन केलाय, नवरीपुरता. डिटेक्शन (काय शोधायचं ते) पीपलवर, म्हणजे माणसांवर, चौकोन तिच्यावर, त्याच्या बाहेरचे भटजी बाहेरच राहतात.

बाकी, शटरवरून फोकस काढून टाकला, फक्त एएफ-ऑन, मागचं अंगठ्याने दाबायचं फोकसचं बटण. जॉयस्टिक आत दाबली की थ्रीडी ट्रॅकिंग (धरलेल्या माणसामागे फोकस जात राहतो), नवरी मामाबरोबर मांडवात येते तेव्हासाठी. पुढच्या एका बटणावर सिंगल पॉइंट (एकाच जागी फोकस), मंगळसूत्र, हातावरची मेंदी असल्या क्लोजअपसाठी, कारण तिथे चेहरा शोधायचाच नसतो.

एका गोष्टीसाठी मात्र मी जुन्याकडे परत जाणार नाही, ती म्हणजे मुंडावळ्या. बाजूने फोटो काढताना मोत्यांची सर डोळ्याच्या अगदी आडवी येते, आधी फोकस हमखास मोत्यांवर बसायचा, मोती एकदम टाचणीसारखे आणि पापण्या मऊ. आता सरीमागचा डोळा बऱ्याचदा सापडतो. नेहमी नाही, नवरीने मान खाली घातली की परत मोती.

माझा असिस्टंट सुरुवातीपासून मिररलेसवाला, म्हणजे झेड ८ सारख्या आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवरच शिकलेला. म्हणतो, "दादा, एवढे मोड कशाला बदलतोस, ऑटोवर टाक ना." त्याला विसरायला काही नाहीये, त्याचं सोपं आहे. पण पाट खाली येताना मी त्याला ऑटोवर ठेवू देत नाही.

डी ८५० अजून दुसरी बॉडी म्हणून गळ्यात असतो, आणि दोन्हीकडे वेगळी बटणं म्हणजे वैताग. बरेच जण नव्याला जुन्यासारखं सेट करतात, मी उलटं केलं, जुन्याची बटणं जमतील तेवढी नव्यासारखी केली, निदान अंगठा एकच गोष्ट शिकतोय. सी२ अजून मोकळा आहे, रिसेप्शनच्या स्टेजसाठी आडवा चौकोन करून बघणार, कुणी केला असेल तर माप सांगा.