सूज पाण्याची की चरबीची?

२०१९ साली उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लिम्फच्या (म्हणजे अंगात झिरपणाऱ्या पाण्याच्या) गाठी काढल्या, मग रेडिएशन. दीड वर्षानं भाकरी थापताना पाटली मनगटात रुतली, साबण लावून काढावी लागली. 'एवढं चालायचंच,' असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि मी आठ महिने गप्प बसले. ते महिने अजून सलतात. गाठी काढल्या की हे पाणी नीट वाहून जात नाही, हात सुजू शकतो. सुरुवातीची सूज पाण्याची असते, दुर्लक्ष झालं की तिथं चरबी साठत जाते, कातडी घट्ट होते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी दोन्ही हातांना टेप लावला. कोपराखाली चार सेंटिमीटरचा फरक! "काकू, इथं बोटानं दाबून धरा." खळगा पडला नि तसाच राहिला. "म्हणजे अजून पाणी आहे." मग रोज पट्ट्या बांधणं, हलका मसाज, दाबाची स्लीव्ह, म्हणजे हातावर घालायची घट्ट बाही. फरक पडला, पण दोनदा हात लालभडक होऊन थंडी वाजून ताप आला. तेव्हा पुण्याला प्लास्टिक सर्जनकडे गेलो.

तिथं बोटांच्या बेचक्यांत हिरवं औषध टोचलं, इन्फ्रारेड कॅमेरा फिरवला. पडद्यावर मनगटापासून दोन चमकत्या रेघा वर निघाल्या आणि कोपरापाशी धुकं झालं. "ह्या लिम्फच्या दोन नळ्या वाहताहेत. पुढं वाट बंद आहे, तर त्या जवळच्या बारीक शिरेला जोडू," डॉक्टर म्हणाले. लिम्फची नळी शिरेला जोडायच्या ह्या ऑपरेशनला एलव्हीए म्हणतात.

नळ्या बंद पडल्या असत्या तर जांघेतली किंवा मानेतली लिम्फची गाठ रक्तवाहिनीसकट हातात बसवायची. मात्र जांघेतली घेतली तर पायाला सूज येण्याचा थोडा धोका. चरबीच साठली असेल तर लायपोसक्शन, म्हणजे ती नळीनं ओढून काढणं, पण त्यानंतर स्लीव्ह जन्मभर. माझी सूज बोटाखाली दबत होती, म्हणून पहिला मार्ग धरला.

मायक्रोस्कोपखाली, मिलिमीटरहून बारीक नळ्या, केसाहून बारीक दोरा. पाच तास लागले. हातावर तीन छोटे छेद आहेत.

दहा महिने झाले. फरक दोन सेंटिमीटरवर आलाय, ताप पुन्हा आलेला नाही. हात डाव्यासारखा झालेला नाही, होईल असं कुणी सांगितलंही नव्हतं. दिवसा स्लीव्ह असतेच. भाकरी थापताना तेवढी काढते. तव्यावर टाकते मात्र डाव्या हातानं, चटका नको म्हणून. पाटली कपाटातच आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा टेप लावायचाय.