एकच मैत्रीण

“वर्गात हिला कुणी विचारत नाही, सगळी मिळून एकच मैत्रीण आहे,” असे एक आई आज मुलीसमोरच म्हणाली आणि मुलगी बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिली.

ते ऐकून व्हर्जिनिया विद्यापीठातील रेचल नार, जोसेफ अ‍ॅलन व सहकाऱ्यांचा २०१७ मधील अभ्यास आठवला. १६९ मुलांचा १५ ते २५ या वयात मागोवा घेतल्यावर, किशोरवयात घट्ट मैत्री लाभलेल्यांमध्ये पंचविशीत सामाजिक चिंता, म्हणजे लोकांत वावरताना वाटणारी भीती, कमी आढळली, तर लोकप्रिय मुलांमध्ये ती जास्त दिसली. संशोधकांनी मुलांच्या जिवलग मित्रांनाही बोलते केले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

अर्थात, अशा सरासरीवरून एकाच मुलीचे भविष्य वर्तवता येत नाही. पण मित्र किती हे विचारणारे आपण, त्या एका मैत्रिणीपाशी मुलीला मन मोकळे करता येते का, हे कधी विचारतो?