ग्रिडानिया ते इशगार्ड: लेव्हलची घाई करू नका

फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये हेवन्सवर्ड, म्हणजे मूळ गेमनंतरचं पहिलं एक्सपान्शन, संपवलं एकदाचं, तर मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. सगळं फ्री ट्रायलवर, एक रुपया न घालता. ट्रायलमध्ये आता ए रियल्म रीबॉर्न (मूळ गेम), हेवन्सवर्ड आणि स्टॉर्मब्लड (दुसरं एक्सपान्शन) तिन्ही येतं, लेव्हल ७० पर्यंत, आणि दिवसांची मर्यादा वगैरे काही नाही.

आधी सर्व्हरचं बघा. भारतात सर्व्हर नाहीये, त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) थोडा खाणारच. पण पिंगपेक्षा वेळेचा विचार करा, कारण आपण ऑफिस, जेवणखाण उरकून रात्री दहाला बसतो तेव्हा जपानात दीड वाजलेला असतो आणि युरोपात मात्र लोक नुकते घरी आलेले असतात. मी युरोप घेतलं, पार्टी (सोबत खेळणारा गट) पटकन मिळते. वर्ल्ड, म्हणजे सर्व्हर, निवडताना काहींपुढे 'प्रिफर्ड' लिहिलेलं दिसेल, तिथे नवीन कॅरॅक्टरला दुप्पट एक्सपी (लेव्हल वाढवणारे पॉइंट) मिळतो. ऐकायला भारी वाटतं, पण त्यावर पुढे बोलतो.

सुरुवातीचं शहर क्लासवरून ठरतं. मला हीलर व्हायचं होतं म्हणून कॉन्ज्युरर, म्हणून ग्रिडानिया. सगळं जंगल, लाकडी पूल, पाणचक्क्या, फार शांत. लेव्हल १५ च्या आसपासपर्यंत तुम्ही त्याच जंगलात फिरता, याला निरोप दे, त्याची चार गांडुळं मार, असली कामं. मग एअरशिप मिळते आणि लिम्सा लोमिन्सा, उल'दाह बघायला जाता, तिथे पहिल्यांदा वाटतं की आता निघालो प्रवासाला. चोकोबो (बसून फिरायचा मोठा पक्षी) लेव्हल २० ला, तोपर्यंत पायपीट.

आता मुद्द्याचं. या गेममध्ये मेन स्टोरीच सगळं उघडते. डन्जन (गटाने पार करायची बंदिस्त मोहीम), नवीन एरिया, विमान, उडणं, सगळं. लेव्हल कितीही वाढवा, स्टोरी जिथे थांबलीय तिथेच तुम्ही थांबता. आणि एका जॉबसाठी (क्लासचं पुढचं रूप) नुसत्या मेन स्टोरीचा एक्सपी पुरतो, खरंच पुरतो. त्यात दुप्पट एक्सपी, रोजचे रूलेट (गेम निवडेल ते डन्जन खेळून बोनस) आणि दिसेल ती साइड क्वेस्ट घेतली की काय होतं, स्टोरी म्हणते लेव्हल २४ आणि तुम्ही ३८. मग क्वेस्टमधून मिळालेले कपडे-शस्त्रं सरळ विकायला, दुश्मन फुंकर मारली की मरतात, ज्याला सगळे घाबरतायत त्याची तुम्हाला काडीची भीती वाटत नाही. गोष्टीतली हवाच जाते. बरं, डन्जनमध्ये गेलात तर गेम लेव्हल खाली आणतो आणि वरची स्किल्स काढून घेतो, म्हणजे सस्ताशासारख्या सुरुवातीच्या डन्जनमध्ये परत दोनतीन बटणंच दाबत बसायची.

यावर सोपा उपाय आहे. एकाच कॅरॅक्टरवर सगळे जॉब करता येतात, पहिल्या क्लासची लेव्हल १० ची क्वेस्ट झाली की दुसऱ्या गिल्डमध्ये जाता येतं. मी व्हाइट मेज (कॉन्ज्युररचा पुढचा जॉब) फक्त स्टोरीसाठी ठेवला, पाचसहा लेव्हल पुढे गेला की रूलेट दुसऱ्या जॉबवर. मागे असलेल्या जॉबला वरून बोनस एक्सपी पण मिळतो, म्हणजे वाया काही जात नाही. साइड क्वेस्टमध्ये निळं चिन्ह आणि प्लस दिसला तर नक्की घ्या, त्यातून काहीतरी उघडतं. पिवळ्या सोडून द्या, अगदी मनात आलं तरच.

स्टोरीबद्दल खरं सांगू? पहिल्या पन्नास लेव्हल कडक नाहीत. जग छान उभं केलंय पण चाल बैलगाडीची. वेकिंग सँड्स नावाचा अड्डा आहे व्हेस्पर बे गावात, तिथे एथेराइट (टेलिपोर्टचं ठिकाण) नाही आणि दर दोन क्वेस्टनंतर तिथेच बोलावतात. जवळच्या हॉरायझनला टेलिपोर्ट करून पळत जा, नाहीतर लिम्साहून फेरी पकडा. टायटन नावाच्या बॉसशी लढायच्या आधी तर मेजवानीसाठी वाइन आणि चीज गोळा करायला लावतात, जग बुडतंय आणि आपण किराणा आणतोय! पण टायटन झाल्यावर परत वेकिंग सँड्सला जाल ना, तेव्हा कट्सीन (गोष्टीचा व्हिडिओ) स्किप करू नका. एवढ्या फेऱ्या मारून ती माणसं ओळखीची झालेली असतात, म्हणूनच ते मनाला लागतं.

लेव्हल ५० नंतर हेवन्सवर्डच्या आधीचा पट्टा सगळ्यात रटाळ. २०२० च्या ५.३ पॅचमध्ये क्वेस्ट कापल्या तरी लांबच वाटतो. बरेच जण इथेच सोडतात. मी एवढंच करत होतो की रोज थोड्याच क्वेस्ट, आणि मूड गेला की हिल्डिब्रँडच्या क्वेस्ट, तो येडा डिटेक्टिव्ह भन्नाट आहे. याच काळात पोएटिक्स नावाचे टोमस्टोन (कपडे-शस्त्रं घ्यायचं एक चलन) साठतात, २००० च्या वर साठत नाहीत म्हणून अडवून ठेवू नका, मोर ढोणा भागात रेव्हनंट्स टोल या गावी जाऊन लेव्हल ५० चे कपडे घ्या, हेवन्सवर्डच्या पहिल्या निम्म्यात बदलायची गरज पडत नाही. आणि शेवटचा मेजवानीचा प्रसंग, बास, त्यावर काही बोलत नाही.

मग इशगार्ड, हेवन्सवर्डचं मुख्य शहर. बर्फच बर्फ, आणि एकदम वेगळ्याच कोणीतरी लिहिल्यासारखी गोष्ट. चांगली का वाटते तर इथे प्रवास हाच गोष्टीचा भाग आहे, एकमेकांवर विश्वास नसलेले चार जण ड्रॅगनांच्या मुलखात चालत निघतात, रात्री शेकोटीपाशी वाद घालतात, त्यातल्या अल्फिनो या पोराला साधं सरपण जमवता येत नाही. एरियाची लेव्हल आणि स्टोरीची लेव्हल पण बरोबर जुळते, म्हणून सांगतोय की ५० ला ५० वरच या, ५८ होऊन येऊ नका. उडण्यासाठीचे एथर करंट जाता जाता गोळा करा, नंतर परत फिरायचा कंटाळा येतो.

ट्रायलचे तोटे पण ऐका. गिल (गेममधले पैसे) ३ लाखांच्या वर साठत नाही, मार्केट बोर्ड (खेळाडूंचा बाजार) बंद, फ्री कंपनीत (खेळाडूंच्या संघात) जाता येत नाही, पार्टी स्वतः काढता येत नाही पण कोणी बोलावलं तर जाता येतं. स्टोरीसाठी यातलं काहीच लागत नाही. गेम एकदा विकत घेतला की त्या अकाउंटवर ट्रायल परत मिळत नाही, त्यामुळे सेल दिसला म्हणून लगेच घेऊ नका, आधी ७० करा. अनोळखी लोकांबरोबर डन्जन करायला लाज वाटत असेल तर ड्यूटी सपोर्ट लावा, गेममधलीच पात्रं सोबत येतात, तुम्ही नकाशा बघत उभे राहिलात तरी कोणी बोलत नाही.

आणि लेव्हल ५७ ला द व्हॉल्ट नावाचं डन्जन येईल, ते शुक्रवारी किंवा शनिवारी रात्रीच करा. त्यानंतरचे सीन बघून लगेच झोप लागत नाही आणि सकाळी उठून लोकल पकडायची असेल तर वाट लागते.