आमची वाटचाल : तपकिरीच्या डब्या, चितारआळी

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी विकणारी दुकाने पुष्कळ आहेत, परंतु तपकिरीची डबी गिऱ्हाइकाच्या घराण्याप्रमाणे रंगवून देण्याचे काम आम्ही जितक्या निष्ठेने करतो तितके दुसरे कोणी करत असल्यास आम्हाला अवश्य दाखवावे.

डबीचे झाकण गोल आणि गंजिफेचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या खेळाचे, पानही गोल, एवढ्या साम्यावर वडिलांनी हा धंदा मांडला. दशावतारी गंजिफेच्या १२० पानांत प्रत्येक अवताराची १२ पाने असतात : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची १०. गिऱ्हाइकाने अवतार निवडावा आणि घरातल्या भावंडांइतक्या त्याच्या खुणा झाकणावर काढून घ्याव्यात, अशी वडिलांची रीत. कुडाळकडच्या एका निवृत्त मास्तरांनी पाच भावांचे पाच परशू काढून घेतले होते, आणि धाकटा वारल्यावर तो परशू पुसू न देता फक्त काळा करून नेला. चित्रापेक्षा मास्तरांचे लक्ष झाकणाच्या बसणीवर असे : "झाकण ढिला असला तर तपकीर पावसाक जातली." म्हणूनच आम्ही पांगाऱ्याचे लाकूड फळांपुरते ठेवून डबीला चांगले मुरलेले शिवणीचे लाकूड घेतो, बाजूंना लेथवर लाखेची कांडी टेकवून लाख चढवतो, केवड्याच्या पानाने घासतो आणि आतून रंगाचा थेंबही लावत नाही, कारण तपकीर वास चटकन धरते.

मधली बरी वर्षे सांगण्यासारखी नाहीत. मात्र आमच्याकडून घाऊक माल नेणाऱ्या गोव्यातील एका व्यापाऱ्याने पुढे आमचेच नमुने छापील चिकटचित्रांवर उतरवले, डब्या धुरावर काळवंडवल्या आणि त्या 'आजोबांच्या काळातल्या' म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारल्या. शिवाय आमचे पैसेही थकवले. लेथवर लाकूड कातणारा कातारी सोडून गेला, लेथ गहाण पडले, आणि आलेली गिऱ्हाइके त्याचा भाव सांगून आमच्याशी घासाघीस करू लागली. त्या वेळी मास्तरांनी पाचही भावांच्या घरांतून लग्नातल्या आहेराच्या डब्यांची मागणी आगाऊ रकमेसह गोळा करून आणली, म्हणून दुकानाची फळी उघडी राहिली.

जुनी डबी घेणाऱ्यांनी एवढे पाहावे : वापराने रंग झिजतो तो अंगठा टेकतो तिथे आणि झाकणाच्या कडेला, सगळीकडे सारखा नव्हे, भिंगाखाली ठिपके दिसले तर ते छापकाम समजावे, आणि खरी जुनी डबी हाती लागलीच तर ती धुऊ नये, व्हार्निश तर मुळीच मारू नये.

सावंतवाडीच्या राजवाड्यात राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफेचे काम पुन्हा उभे केले, पुढे २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि आता पाहुणे झाकणावरचा राजा ओळखून डबी मागतात. त्या व्यापाऱ्याचे दुकान अजून चालू आहे आणि आमची बाकी अजून येणे आहे.