काँटॅक्सची कीव्ह झाली तेव्हा

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉन कंपनीने 1936 मध्ये काँटॅक्स 2 हा कॅमेरा बाजारात आणला. रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस साधायची सोय) आणि व्ह्यूफाइंडर (चौकट बघायची सोय) एकाच खिडकीत, आणि शटर 1/1250 सेकंदापर्यंत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कॅमेरा बनवायची यंत्रसामग्री, सुटे भाग आणि काही जर्मन तंत्रज्ञ सोव्हिएत ताब्यात गेले. युक्रेनमधल्या कीव्हच्या आर्सेनाल कारखान्यात तोच कॅमेरा 'कीव्ह' नावाने 1980 च्या दशकापर्यंत बनत राहिला. खारकीव्हचा फेड हा सोव्हिएत कॅमेरा लायका या जर्मन कॅमेऱ्याची नक्कल होता; इथे मात्र मूळ अवजारंच पुढे कामाला लागली. कॅमेऱ्यांच्या इतिहासात मला याहून विलक्षण काही वाटत नाही.

जुना कीव्ह घेताना आधी शटर बघा. पितळी पट्ट्यांचे दोन पडदे उभे धावतात आणि त्यांना दोन रेशमी फिती जोडतात. वर्षानुवर्षं घासून फिती विरतात आणि शेवटी तुटतात. एकच बदलू नका: दोन्ही सारख्या लांबीच्या नसतील तर पडद्यांमधली फट तिरकी होते आणि फोटोची एक बाजू उजळ, दुसरी काळपट येते. मागचं झाकण काढून, शटर चढवून (पुढच्या फोटोसाठी ताणून), पडद्यांतून कुठे उजेड येतो का ते बल्बसमोर धरून तपासा. झाकण काढलं की फिल्म गुंडाळायची रीळ सुटी होते, ती हरवू देऊ नका. वेग शटर चढवल्यावरच बदला. आणि कॅमेरा धरताना उजव्या हाताची बोटं रेंजफाइंडरच्या खिडकीवर येऊ देऊ नका, नाहीतर फोकसची दुसरी प्रतिमाच दिसत नाही.