एकटा आमदार

म्हापशाच्या बाजारात आज एकजण एका वादग्रस्त उमेदवाराबद्दल ठामपणे म्हणाला, “वादग्रस्त आसूं दी रे. एकटो आमदार कितें सरकार पाडटलो?”

तो ‘एकटो’ डोक्यातून जाईना.

गोव्याची विधानसभा ४० जणांची, बहुमत २१. आकडा २१-२२वर अडकला की एकट्याचाही भाव चढतो. त्यात मंत्रिपदं मुख्यमंत्र्यासह फक्त १२, म्हणजे नाराज कोणीतरी राहणारच.

पक्षांतरबंदी आहे ना? आहे की. २००३च्या घटनादुरुस्तीने पक्षाच्या एक तृतीयांश आमदारांनी फुटायची सवलत बंद केली, पण दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची राहिली. मोठ्या राज्यात एवढी माणसं जमवायची तर घाम फुटतो. इथे तिघांच्या पक्षात दोघे पुरतात. २०१९मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० भाजपमध्ये गेले, २०२२मध्ये ११पैकी ८. २०१९च्या अपात्रता अर्जांवर सभापतींचा निकाल यायला एप्रिल २०२१ उजाडला!

अपक्षाचं आणखी सोपं. पक्षात शिरला तर अपात्र. पण बाहेरून पाठिंबा दिला, काढला, पुन्हा दिला, तरी कायदा गप्प.

उमेदवाराचं भाषण नंतर ऐका. आधी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र वाचा, खटले त्यातच असतात.

तुम्ही मागच्या वेळी निवडून दिलेला माणूस आज कुठल्या बाकावर बसतो?